भावजींचा तिसरा सिनेमा

कोरिया देशाची जेवढी सेवा आमच्या थोरल्या भावजींनी तुळजापुरात बसून केली, तेवढी कोरियात जन्मलेल्या एकाही माणसानं केली नसेल, हे मी कुणापुढंही सांगायला तयार आहे. बरं, भावजींनी कोरिया बघितलाय म्हणावं तर तेही नाही. सोलापूरच्या पलीकडं ते आयुष्यात पाच-सहा वेळा गेले असतील, आणि त्यातल्या दोन वेळा तर गाडीत झोप लागल्यामुळं. पण त्या देशातला एक सिनेमा दिग्दर्शक, जगानं डोक्यावर घेतलेला, युरोपातली मोठमोठी बक्षिसं मिळवलेला, तो त्यांचा. त्यांचा म्हणजे नेमका कोण, हे मला लग्नाला वीस वर्षं होऊनही सांगता येत नाही. गुरू म्हणावा तर भेट नाही, मित्र म्हणावा तर ओळख नाही. पण त्याला सर्दी झाल्याची बातमी आली तर शिंका आमच्या घरात ऐकू यायच्या.

आधी घर सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मोठे भाऊ. आमचं घर पुजाऱ्यांचं. मंगळवारी, शुक्रवारी, पौर्णिमेला गावोगावची मंडळी आमच्याकडं उतरतात. देवीला पुरणाचा नैवेद्य आमच्या स्वयंपाकघरातून जातो आणि मंडळी आमच्याच हॉलमध्ये जेवून आपापल्या गावी परततात. आम्ही त्यांचे पुजारी, ते आमचे यजमान; असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पूजेचं सगळं आमचे हे बघतात. भावजी इथल्याच एका कॉलेजात कारकून. आणि रांधणं-वाढणं सगळं अक्कांकडं. अक्का म्हणजे भावजींची बायको, माझ्या जाऊबाई. मी मुरूमची, शाळेत इंग्रजी शिकवते. माझी जीभ तिखट आहे हे सासरी पहिल्या आठवड्यातच जाहीर झालं. भावजी मला 'मास्तरीणबाई' म्हणतात, आणि त्यात आदर किती आणि भीती किती हे मी कधी विचारलेलं नाही.

तर कॉलेजच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी टाकून ठेवलेला एक सिनेमा भावजींनी एकदा दुपारच्या सुट्टीत उघडला. संध्याकाळी शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा ते तो तिसऱ्यांदा बघत बसले होते. घरी आले, चप्पल काढायच्या आत अक्कांना म्हणाले, "अगं, हा पण कारकून होता!" म्हणजे हा दिग्दर्शक सिनेमात यायच्या आधी तिकडच्या कुठल्याशा गावात सरकारी कचेरीत शिक्के मारायचा. झालं. त्या एका ओळीवर भावजींनी आपलं उरलेलं आयुष्य उभं केलं. तेव्हापासून त्या माणसाचं चरित्र आमच्या घरात इतक्या वेळा सांगितलं गेलं की मला झोपेतून उठवलं तरी मी म्हणून दाखवीन. पहिला सिनेमा घाईत काढला, तो सात दिवसांत थेटरातून उतरला. दुसरा तर निर्मात्यानं डब्यातच ठेवला. मग काही वर्षं कुणी दारात उभं करेना. मग तिसरा, आणि तिसऱ्याला सगळं जग उठून उभं राहिलं. पुढं बक्षिसांवर बक्षिसं, मग अमेरिका, मग मोठा घोटाळा, मग मौन, मग पुन्हा मानसन्मान. पंगतीत बसलेल्या एखाद्या यजमानानं "काय काका, बरं हाय ना?" एवढं विचारायचा अवकाश, भावजी वरणाचं भांडं हातात धरून कोरियात जायचे. भात कोरडा पडायचा. मंडळी बिचारी देवीच्या गावात आलोय म्हणून मान हलवत ऐकायची.

आमच्याकडं यजमानांची वही असते. गाव, कूळ, आज्याचं नाव, पणज्याचं नाव, कोण कधी दर्शनाला आलं, सगळं त्यात. त्या वहीत एके दिवशी मला नवीन पान दिसलं. वर सुंदर अक्षरात त्या दिग्दर्शकाचं नाव, खाली गाव: सोल, जिल्हा: तोच, देश: दक्षिण कोरिया. आमच्या ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पण भावजी तेवढ्यावर थांबणारे नव्हते. त्याच्या सिनेमाला तिकडं बक्षीस लागलं की इकडं त्याच्या नावानं देवीला अभिषेक. आता अभिषेकाच्या संकल्पात गोत्र सांगावं लागतं. ज्याला आपलं गोत्र माहीत नाही त्यानं काश्यप म्हणायचं, असा आपला रिवाज. त्यामुळं तो जगप्रसिद्ध माणूस आमच्या गाभाऱ्यात गेली अनेक वर्षं काश्यप गोत्राचा म्हणून नांदतोय, आणि त्याला ह्याचा पत्ता नाही. अक्का त्याला 'कोरियाचे पाव्हणे' म्हणायच्या. "आज पाव्हण्यांचा अभिषेक हाय, पुरण थोडं जास्त टाकते," असं म्हणून खरंच टाकायच्या.

पुढं भावजींनी नवरात्रात अंगारा, हळद, कुंकू आणि कवड्यांची माळ असा प्रसाद त्याच्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवला. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत काय आहे? भावजी खरं बोलणारे, त्यांनी सांगितलं, "तीन रंगांच्या भुकट्या." तीन महिन्यांनी एक लिफाफा आला. आत एक छापील कागद, संपूर्ण कोरियन अक्षरात, खाली गोल लाल शिक्का. भावजी घरभर सांगत सुटले. उत्तर आलं! त्यांनी त्या कागदाला फ्रेम केली, देवघराच्या शेजारी टांगली आणि पेढे वाटले. मी माझा मोबाईल त्या फ्रेमपुढं धरून भाषांतर वाचलं. कस्टमचा कागद होता तो. संशयास्पद पावडर नष्ट केल्याबद्दल. मी तशीच सांगायला निघाले होते, पण अक्कांनी मला दारात अडवलं. म्हणाल्या, "राहू दे गं. त्या कागदाला रोज हळद-कुंकू लावायचं काम मलाच हाय, तुला काय त्रास हाय का त्यात?" मी गप्प बसले. गप्प बसायची मला सवय नाही, पण अक्कांपुढं माझं काही चालायचं नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं आणि मीही पोट धरून हसलेय. पण भावजी नुसते भक्त नव्हते. त्यांना सिनेमा काढायचा होता. आणि त्या माणसाचं आयुष्य त्यांनी आपल्यापुढं कित्त्यासारखं ठेवलं होतं, अक्षरावर अक्षर गिरवायचं. तो अमेरिकेला गेला तेव्हा भावजींनी अर्ज करून संस्थेच्या मुरूमच्या कॉलेजात बदली मागून घेतली. "त्याची अमेरिका, माझं मुरूम," असं त्यांनी माझ्या आईला सांगितलं. आईला वाटलं आपल्या गावाचं कौतुक चाललंय, तिनं त्यांना दहा महिने जेवायला घातलं. तिकडं अमेरिकेत निर्मात्यांनी त्याच्या सिनेमाची वाट लावली, तो चिडून मायदेशी परतला, तसे भावजीही बाडबिस्तरा बांधून परत आले. "का हो, मुरमात काय बिघडलं?" मी विचारलं. "माझं काहीच बिघडलं नाही मास्तरीणबाई, पण त्याचं तिकडं बिघडलं." मग त्यानं काही वर्षं कुणालाच मुलाखत दिली नाही. भावजींनीही मौन धरलं. ते अठराव्या दिवशी सुटलं, कारण प्रिन्सिपलनी मेमो काढला आणि मेमोला तोंडी खुलासा द्यायचा होता.

आणि आता त्यांची सगळ्यात मोठी गंमत सांगते, जिच्यावर मी पहिल्यांदा हसले आणि पुढं दात-ओठ खाल्ले. भावजी म्हणायचे, त्याचे पहिले दोन सिनेमे पडले. मग मी कशाला पहिले दोन काढू? ते त्यानं काढलेच आहेत. पडायचे ते पडून गेले. शहाण्या माणसानं दुसऱ्याच्या ठेचेवरून शिकावं आणि सरळ तिसऱ्यापासून सुरुवात करावी. हे ते गंमत म्हणून नव्हे, अगदी गणित समजावल्यासारखं सांगायचे. त्या दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा त्यांनी बघितलेलाही नव्हता. तो कुठं मिळायचा नाही, आणि पडलेला बघायचा कशाला? तर आमचे भावजी, ज्यांनी आयुष्यात एक फूटही सिनेमा काढलेला नव्हता, ते तिसरा सिनेमा काढायला बसले. आणि तिसरा म्हटल्यावर तो जगानं उभं राहून बघण्यासारखाच व्हायला पाहिजे. त्याहून कमी चालणार नव्हतं.

गोष्ट त्यांनी चांगली निवडली होती, हे मी त्यांच्यावर कितीही राग असला तरी म्हणेन. देवीच्या गावातली एक बाई. जन्मभर परक्यांच्या नावानं नैवेद्य रांधते. एके दिवशी यजमान घाईत न जेवताच निघून जातात, आणि ती मांडलेल्या ताटावर स्वतःच बसून जेवते. एवढंच. बाई म्हणजे अक्का. दुसरी कोण असणार? कॅमेरा आणला, शिकून घेतला, आणि हॉलच्या कोपऱ्यात स्टूल टाकून भावजी बसले. मधलं सगळं पहिल्या वर्षात झालं. राहिला तो शेवटचा प्रसंग, ताटावर बसून जेवायचा. तो अकरा वर्षं चालला. हो, अकरा. कारण तो कोरियाचा माणूस म्हणे एकेका नटीकडून साठ-साठ वेळा करून घेतो. आणि ताट खरं पाहिजे, पुरण गरम पाहिजे, वाफ दिसली पाहिजे. म्हणजे दर वेळी अक्कांनी डाळ शिजवायची, पुरण वाटायचं, पोळ्या करायच्या, कॅमेऱ्यापुढं बसून दोन घास खायचे, आणि भावजींनी म्हणायचं, "न्हाई. परत." उरलेल्या पोळ्या गल्ली खायची. आमच्या गल्लीतल्या लोकांना भावजींचा सिनेमा कधी पूर्ण होऊ नये असंच वाटत असणार.

अक्का सोशिक होत्या, पण मुक्या नव्हत्या. एकदा मी दारातच उभी होते. अक्का विचारायल्या होत्या, "कसं खाऊ? भूक लागल्यावानी, का रागानं?"

"काही दाखवायचं न्हाई. नुसतं खायचं."

"काही न दाखवता तर मी रोजच खाते की. तवा कुठं असतो तुमचा कॅमेरा?"

भावजी लेन्स पुसत राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन हसले आणि मग माझ्या लक्षात आलं की हे हसण्यासारखं नाही. अक्कांना सिनेमाचं काडीचं वेड नव्हतं. पण गावभर झालं होतं ना, की अमक्याची बायको सिनेमात काम करायलीय. बाजारात बायका विचारायच्या, "अक्का, कवा येणार तुमचा पिच्चर?" पहिली दोन वर्षं कौतुकानं, मग टोमण्यानं. अक्का मला म्हणाल्या होत्या, "एकदा लोकांनी बघावा, यांनी समद्यांपुढं लावावा, आणि मी पदर खोचून मागं उभं ऱ्हावं. चांगला-वाईट कसा का असंना. बास एवढंच." बाईमाणसानं अकरा वर्षांत मागितलेली ही एवढी एकच गोष्ट.

मग अक्कांच्या पोटात दुखायला लागलं. सोलापूरला नेलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. ऑपरेशन करून घरी आणलं तेव्हा त्या निम्म्या झाल्या होत्या. गाल आत गेलेले, डोळे तेवढे मोठे. आणि चौथ्या दिवशी भावजी त्यांच्याकडं बघत म्हणाले, "आता चेहरा बरोबर झालाय."  मला वाटलं आपलं ऐकायला चुकलं. पण त्यांनी खरंच कॅमेरा काढला. मी आडवी आले, तोंडाला येईल ते बोलले, थोरल्या दिराला बोलू नये असं सगळं बोलले. तर अक्काच भिंतीला धरून उठल्या. "कर गं ताट," मला म्हणाल्या. मी केलं. रडत केलं. अक्का बसल्या, घास घेतला, तो त्यांना गिळेना. डोळ्यांतनं पाणी आलं आणि त्यांनी तो घास तसाच तोंडात धरून ठेवला, कारण भावजींनी अजून थांब म्हटलं नव्हतं. मग भावजी कॅमेऱ्यामागनं म्हणाले, "जरा जास्त दिसायलंय. परत करू, बरं वाटल्यावर."

ह्या वाक्यासाठी मी त्यांना माफ केलेलं नाही. आजही नाही. त्यांच्या गमती सांगताना मी हसते, पण हे वाक्य कुठंतरी बसलंय ते बसलंय.

मी काय केलं, तर त्यांची हार्ड डिस्क उचलली. शाळेला दिवाळीची सुट्टी होती. मुलांच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ जोडायची मला सवय, तेवढीच माझी विद्या. त्या विद्येवर मी बावीस मिनिटांचा सिनेमा जोडला, इंग्रजी अक्षरं खाली घातली आणि पुण्याच्या एका महोत्सवाला पाठवून दिला. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, निवडला गेलाय म्हणून. मी धावत अक्कांकडं गेले. त्या अंथरुणावर पडून होत्या. उठून बसल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी मोबाईल पुढं केला, म्हटलं, बघा अक्का, तुमचा पिच्चर. त्यांनी मोबाईल पालथा घातला. "असा न्हाई. यांनी लावू दे समद्यांपुढं. मग बघते."

मग मी भावजींना सांगितलं. मला वाटलं चिडतील आणि मग हरखतील. ते चिडलेसुद्धा नाहीत. शांतपणे म्हणाले, "मास्तरीणबाई, अपुरा सिनेमा लोकांपुढं ठेवला तर तो माझा पहिला होईल. पहिला पडत असतो." आणि त्याच दुपारी कॉलेजातून पत्र टाकून सिनेमा परत घेतला. कारकुनी पत्र, विषय, संदर्भ, आपला विश्वासू, सगळं जागच्या जागी. मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्या छताकडं बघत म्हणाल्या, "असू दे. अजून टाइम हाय." टाइम नव्हता. दोन महिन्यांनी अक्का गेल्या.

अक्का गेल्यावर घरात पुरण मी करायला लागले. भावजींनी कॅमेऱ्यावर कापड टाकलं. आम्ही एका घरात राहून जेवढ्यास तेवढं बोलायचो. वर्षभरानं भावजी माझ्या दारात येऊन उभे राहिले, हातात वर्तमानपत्राचं कात्रण. त्याच पुण्याच्या महोत्सवाला पाहुणा म्हणून तो येणार होता. कोरियाचा पाव्हणा. "माझं इंग्रजी कागदावरचं," भावजी म्हणाले. "तुम्ही याल का संगं?" नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या शर्टाची वरची गुंडी तुटलेली दिसली, आणि मी हो म्हणाले.

सभागृह भरलेलं होतं. तो स्टेजवर आला. ठेंगणा, सत्तरीचा, कानटोपीसारखी लोकरी टोपी घातलेला माणूस. आमच्या पंगतीत बसवला असता तर कुणी वळून बघितलं नसतं. शेजारी त्याचं बोलणं इंग्रजीत सांगणारी एक मुलगी. भावजी सबंध वेळ मांडीवर प्रसादाची पुडी धरून ताठ बसले होते. प्रश्नांची वेळ आली तसा त्यांनी हात वर केला आणि माईक मिळाला. कित्येक वर्षं घोटलेला प्रश्न त्यांनी इंग्रजीत एका दमात विचारला: तुमचे पहिले दोन सिनेमे पडले. आज ते पुसून टाकता आले, तर पुसाल का?

तो हसला. म्हणाला, दुसरा आनंदानं पुसेन, काडी लावायला तुम्हीही या. लोक हसले. मग तो हळू बोलायला लागला, त्यामुळं ती मुलगीही हळू बोलायला लागली. म्हणाला, पहिला नाही. पहिला सिनेमा मी घाईत काढला, चुकीचा काढला, मला तेव्हा काहीच येत नव्हतं. पण त्यात माझी बायको आहे. ती नटी नव्हती, पैसे नव्हते म्हणून तिला उभं केलं. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाकीचे सिनेमे लोक बघतात. मी घरी तो एकच बघतो.

टाळ्या पडल्या. भावजी माईक धरून उभेच होते. महोत्सवाच्या एका मुलीनं येऊन तो त्यांच्या हातातून सोडवून घेतला. मी खाली बघत बसले होते. मला त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याचा राग आला, भावजींचा आला, स्वतःचा आला. अहो, दुसऱ्याचं आयुष्य गिरवायचंच होतं तर पहिल्या ओळीपासून गिरवायचं ना! मधलीच ओळ उचलून कुणी गिरवतं का? पण हे मी बोलले नाही. लोक त्याला भेटायला पुढं गर्दी करायला लागले. भावजी गेले नाहीत. प्रसादाची पुडी माझ्या पर्समध्ये ठेवून म्हणाले, "चला. गाडी चुकंल."

सोलापूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. स्टँडवर चहा घेताना म्हणाले, "तुम्ही जोडलेला तो हाय का तुमच्यापाशी?" दुसऱ्या दिवशी रविवार, दुपारी मी लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला. बावीस मिनिटं ते हलले नाहीत. शेवटी त्या शेवटच्या ताटाचा प्रसंग आला, तो मी त्या आजारपणातलाच घातला होता. सिनेमा संपला. पडदा काळा झाल्यावर त्यांनी विचारलं, "हिनं बघितला होता?"

वर्षभर मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. उत्तर तयार होतं, धार लावून ठेवलेलं. मी म्हणाले, "न्हाई. मी दाखवत होते, त्यांनी मोबाईल पालथा घातला. म्हणाल्या, यांनी लावू दे समद्यांपुढं, मग बघते." एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. भावजी म्हणाले, "बरं." आणि लॅपटॉप मिटून बसले. पाठ वाकवून, दोन्ही हात गुडघ्यांत. मला बरं वाटायला पाहिजे होतं. एवढं एक खोटं बोलले असते तर माझं काय गेलं असतं? पण अक्कांच्या बाजूनं बोलणारं मी सोडून घरात कुणी उरलं नव्हतं. अजूनही मला कळत नाही की मी बरोबर केलं का चूक.

पुढच्या मंगळवारी मी पुरण वाटत होते, तर हॉलमध्ये खिळे ठोकल्याचा आवाज. भावजींनी भिंतीवर पांढरी चादर ताणली होती आणि कॉलेजातला प्रोजेक्टर मागून आणला होता. तेव्हापासून दर मंगळवारी, शुक्रवारी, पंगत बसली की सिनेमा लागतो. ते आता पंगतीत कोरियाचं काही बोलत नाहीत. मंडळी जेवतात, मोबाईलवर बोलतात, लेकरं चादरीपुढून पळतात, अर्धेअधिक लोक वर मान करून बघतही नाहीत. भावजी दाराला टेकून उभे राहतात. कुणी "कोण ह्या?" विचारलं तर "घरच्या" एवढंच सांगतात.

गेल्या शुक्रवारी ईट गावाकडची मंडळी होती. त्यांच्यातली एक म्हातारी हातातला घास हातात ठेवून सबंध वेळ चादरीकडं बघत होती. शेवटच्या प्रसंगाला तिनं ताट बाजूला सारलं. "बया गं," मोठ्यांदा म्हणाली, "एकलीच जेवायली की ती! घास बी उतरंना तिला. कुणी वाढाया न्हाई व्हय? कुठं हाय ती? आत हाय का? चला, म्या वाढते तिला." आणि खरंच गुडघ्यावर हात रेटून उठायला लागली. भावजींनी माझ्याकडं बघितलं. मग तिला म्हणाले, "देवळात गेलीय, मावशी."

मी पोळ्यांची दुरडी घेऊन मधेच उभी होते. "व्हय मावशी, शुक्रवारची रांग लई असती," मी म्हणाले, "उशीर लागंल त्यांना. तुम्ही बसा, गरम पोळी वाढते."